गुरुवारी येणारा रविवार

एसटी हलली तरी बाबा खिडकीबरोबर चालत राहिले. श्रीरामपूरचा स्टँड, सकाळची गर्दी, माझ्या मांडीवर डिप्लोमाच्या कागदांची फाइल. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मला क्वालिटी विभागात नोकरी लागली होती. आईच्या सूचना आदल्या दिवसापासून चालू होत्या. बाबांनी मात्र गाडी वेग घेईपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हणाले, "करुणा, तिथं गेल्यावर आधी देऊळ बघ. आणि रविवार सोडू नको."

आपण ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतो, हे तुम्हा गावाकडच्या मंडळींना सांगायला नको. पण बाहेर पडलेल्यांना माहीत आहे, हा शब्द आपल्याबरोबर सगळीकडे येत नाही. मी कंपनीजवळच्या कुरुळी गावात खोली घेतली आणि पहिल्याच दिवशी किराणा दुकानदाराला विचारलं, इथं देऊळ कुठंय? तो भला माणूस. गल्ला सोडून उठला आणि मला मारुतीच्या देवळासमोर नेऊन उभं केलं. "जा ताई, दर्शन घेऊन या. मी थांबतो." मी चपला हातात धरून तशीच उभी. शेवटी खरं काय ते सांगितलं, तर बिचारा माझ्याहून जास्त ओशाळला.

रविवारचं कोडं त्याहून अवघड निघालं. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. रविवारी सकाळी तुम्ही देवळात पहिलं गीत म्हणत असायचा, तेव्हा मी सेफ्टी शूज घालून कंपनीच्या बसमध्ये बसलेली असायचे. चर्च होती, पण तिकडे पिंपरी-चिंचवडला, आणि आराधना रविवारी. गुरुवारी एकदा जाऊन पाहिलं. फाटकाला कुलूप होतं.

गावात रविवार आपोआप यायचा. घंटा वाजली की आई माझी वेणी घालायला घ्यायची, बाबा पेटी वाजवायला पुढं निघून जायचे. देव तिथं असणारच, हे धरून चाललेलं. इथं माझं कामच तपासण्याचं. दिसायला अगदी बरोबर असलेला भागही मापाच्या गेजवर लावून पाहिल्याशिवाय मी पुढं सोडत नाही. आणि आयुष्यात सगळ्यांत मोलाचं म्हणून जे मला लहानपणापासून दिलं गेलं, ते मी एकदाही हातात घेऊन पाहिलं नव्हतं. घंटा नाही, पेटी नाही, ओळखीचं कुणी नाही, मग उरतं काय? हे मला भीतीपोटी नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं.

म्हणून गुरुवारी सकाळी मी बायबल घेऊन गच्चीवर बसू लागले. घरमालकीण हिराकाकू तिथंच कुरडया वाळत घालायच्या. कुरुळीचं जुनं शेतकरी घराणं. रान कंपनीत गेलं आणि त्या पैशांत खोल्यांची चाळ उभी राहिली. त्यांची पूजा, त्यांचे उपास पहाटेच आटोपलेले असत.

"काय वाचतीयास एवढं?" एकदा त्यांनी विचारलं.

"आमचं शास्त्र, काकू."

"मग मोठ्यानं वाच की. आमाला बी कळू दे."

समोर प्रभूनं सांगितलेली ती छोटीशी गोष्ट होती. एका माणसाला शेतात पुरलेला ठेवा सापडतो, तो पुन्हा झाकून ठेवतो आणि आनंदानं जवळचं सगळं विकून ते शेत घेतो. स्वर्गाचं राज्य असं आहे. रविवारच्या शाळेत आम्ही हिचं नाटकही केलं होतं. मी वाचलं आणि काकूंचा हात कुरडईवरच थांबला.

"समदं इकलं त्यानं? घर बी?"

"सगळं."

"आन् रडला न्हाई?"

"नाही. आनंदानं विकलं."

काकूंनी कठड्यापलीकडं पाहिलं. तिकडं कंपनीची लांबलचक भिंत आणि मागं निळे पत्रे. "आमचं रान इकलं तवा ह्यांनी जेवान टाकलं हुतं. जमीन इकताना माणूस हसतं व्हय गं? काय घावलं आसंल त्याला?"

त्या गोष्टीतला 'आनंदानं' हा शब्द मी तोवर ऐकलाच नव्हता, असंच म्हणायला हवं.

त्या दिवसापासून माझ्या प्रार्थना बदलल्या. एरवी मी देवाकडं मागायचे. आता विचारू लागले, तू कसा आहेस? बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, मशीनच्या आवाजात. बरेच दिवस काहीच नाही. कंटाळाही आला, आपण स्वतःशीच बडबडतोय असं वाटायचं. मग एका दुपारी बाजारातून परत येत होते. कांद्याचे ट्रक अडकलेले, सगळीकडून हॉर्न, धूळ. त्या गोंधळात मला जाणवलं की मी कितीतरी वेळ बोलते आहे आणि कुणीतरी ते मन लावून ऐकतंय. याहून जास्त मला सांगता येत नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि हसू लागले.

पुढं कंपनीतच जालन्याचं एक ख्रिस्ती जोडपं भेटलं, त्यांच्या ओळखीची एक नर्स भेटली. आमचा रविवार गच्चीवर गुरुवारी भरू लागला. काकू कडेला चटईवर बसायच्या. "गुरुवार तर दत्ताचा वार," त्या म्हणायच्या, "पन बसा तुमी बी." शेजारच्या कुणीतरी, वर काय चालतं म्हणून चौकशी केली, तेव्हा त्यांनी जिन्यातूनच ऐकवलं, "देवाचं नाव घेत्यात. तू बी ये ऐकायला."

अशात कंपनीनं मला पुण्याच्या ऑफिसात मोठी जागा देऊ केली. पद मोठं, एसी केबिन आणि सुट्टी रविवारी. रविवारची जी सुट्टी मी देवाकडं मागायचे, तीच ताटात वाढून आलेली. आई तर फोनवर रडलीच. आणि माझा पाय निघेना. देवाला शोधायला मी नुकतीच कुठं लागले होते, आणि हा शोध या माणसांत, या गच्चीवर जिवंत होता. मी नाही म्हणणार हे कळताच बाबा पुढच्याच बुधवारी मला समजवायला आले.

गुरुवारी तेही चटईवर बसले. गीत झालं, प्रार्थना झाली. बाबा काही बोलणार, तेवढ्यात काकूंनीच त्यांना गाठलं.

"दादा, तुमी जल्मापास्नं देवळात पेटी वाजिवता म्हनं. मग तुमाला घावला का त्यो ठेवा?"

बाबांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी आपल्या बोटांकडं पाहिलं.

"खरं सांगू, ताई? मी त्या शेताची राखण केली. कुणी आत येऊ नये म्हणून, काही मोडू नये म्हणून. खणून मात्र पाहिलं नाही."

"मग आता खना की," काकू म्हणाल्या. "वय का झालंय तुमचं?"

सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. जाताना पुण्याच्या नोकरीचं नावही त्यांनी काढलं नाही. गाडीत चढताना फक्त म्हणाले, "आईला मी सांगतो."

मी ऑफिसात नकार कळवला. परतीच्या बसमध्ये पश्चात्ताप येईल म्हणून वाट पाहत बसले होते, आला नाही. आई अजून पुरती राजी नाही. तिच्या मैत्रिणींच्या मुली फ्लॅटचे फोटो पाठवतात, आणि ती मला विचारते, तुझं नेमकं काय चाललंय तिकडं?

बाबांचा फोन मात्र आता दर गुरुवारी येतो. पगार, तब्येत, स्थळं यांतलं काही नाही. पहिला प्रश्न हाच, "आज काकूंनी काय विचारलं?" गावाकडं ते आता सकाळी एकटेच देवळात जाऊन बसतात, पेटी न उघडता, असं आईकडून कळलं.

मागच्या गुरुवारी मी त्यांना सांगितलं, काकूंनी विचारलंय, आपण देवाला एवढं हुडकतो, तर देव बी आपल्याला हुडकत आसंल का?

बाबा गप्प झाले. पूर्वी त्यांनी लगेच शास्त्रातला अध्याय आणि ओवी सांगितली असती. पलीकडून आईच्या भांड्यांचा आवाज येत होता, इकडं शिफ्टच्या बसेस चाललेल्या. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. घर कुठं आहे असं मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी ती शांतता दाखवली असती.