माप कुठलं घेऊ?

दागिन्यांच्या दुकानात तिला सगळे वकीलबाई म्हणत. कुणाची अंगठी हरवली आणि हुबेहूब तशीच हवी असली, की गिऱ्हाइकाला तिच्यापुढे बसवायचं. मग उलटतपासणी सुरू.

"कशी होती?"

"गोल."

"गोलच असते हो! चौकोनी बोटं कुणाला असतात? एकच खडा, की खड्यांची रांग? खडा वर उचललेला, की पट्टीत बुडवलेला? का वर चपटं तोंड आणि त्यावर अक्षर कोरलेलं?"

"बायकोला माहीत असेल..."

"आणि तिला तर कळू द्यायचं नाहीये!"

गिऱ्हाईक ओशाळं हसायचं. पण उठेपर्यंत कारागिराच्या डोळ्यांपुढे अंगठी उभी राहिलेली असायची.

आज कारागिरासमोरच्या स्टुलावर ती स्वतः बसली होती. नवरा जाऊन महिना झाला होता. त्याच्या शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या चादरी बदलताना, त्याची लग्नातली अंगठी बोटातून गळून गेली ती गेलीच. तशीच एक करून तिला जवळ ठेवायची होती.

"बोला ताई."

"साधं वळं. खडा नाही, नक्षी नाही."

"पट्टी सपाट, की फुगीर?"

तिने डोळे मिटून आठवून पाहिलं.

"कड धारदार, की गोल मारलेली?"

"अहो, जन्मभर डोळ्यांसमोर होती!" ती स्वतःवरच चिडली. मग आवाज खाली आला. "मला नुसता दोरा दिसतोय, दादा. यांची बोटं वाळत चालली, तशी मी वळ्याला पांढरा दोरा गुंडाळायची. सैल झालं की आणखी. शेवटी सगळं वळं त्याखाली गेलं."

"मग इकडे नाही का आणायची? जरासं कापून, जोडून दिलं असतं. चहा होईपर्यंतचं काम."

"हे म्हणाले होते, लहान करून आण. मीच ऐकलं नाही. म्हटलं, कशाला? अंगावर मांस चढलं की पुन्हा मोठी करत बसायची!"

कारागिराने हातातली कानस उगाचच पुसली.

"ताई, माप कुठलं घेऊ? लग्नातलं, की..."

"लग्नातलं!" ती ताडकन म्हणाली. अंगठा आणि तर्जनी जुळवून तिने हवेत कडं धरलं. "हे बघा, एवढं."

कारागीर मापाच्या कड्यांचा जुडगा घेऊन पुढे वाकला. तिची बोटं थोडी आवळली.

"नाही, एवढं."

मग आणखी आवळली.