खाजेचं औषध

आठ मजल्यांच्या त्या इमारतीत त्याचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी तो वरखाली. "वरखाली आले का?" "वरखाली जेवायला बसलेत, चढा आता जिन्याने!" लिफ्टमधल्या गोल स्टुलावर त्याची बावीस वर्षं गेली होती. बटणं उंचावर होती, म्हणून दर वेळी त्याचा उजवा हात वर जायचा आणि हाताबरोबर आवाजही. तिसऱ्यावर विम्याची कचेरी: "तिसरा! मरायच्या आधी उतरा!" पाचव्यावर वकील: "पाचवा! खरं बोलणारे आतच थांबा!" सातव्यावर दातांचा डॉक्टर: "सातवा! आ करा!" माणसं हसत उतरायची. दात दुखत असला तरी.

घरातून निघताना मात्र त्याला हाक मारणारी दुसरी होती, त्याची बायको.

"अहो, औषध लावलंत का?"

"लावलं गं बाई."

"दोन्हीकडे?"

"नाही. एकीकडे औषध लावलं, दुसरीकडे तुझं नाव लिहिलं."

तरी ती पदराला हात पुसत यायची आणि बघून जायची. लग्न झाल्यावर महिन्याभरातच तिने सांगितलं होतं, तुमच्या घराण्यात काखेतल्या खाजेचा विकार आहे, सासूबाईंनीच मला कानात सांगितलंय, रोज आंघोळीनंतर हे लावलं तर उठणार नाही. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं त्याने ते लावलं. खाज एकदाही सुटली नाही. म्हणजे औषध रामबाण, यात शंकाच नव्हती!

महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, ती ते करायची. वाटीत खोबरेल तेल आणि मेणाचा खडा, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात. मेण वितळलं की वाटी खाली उतरवायची, कोमट झालं की खायचा सोडा आणि आरारूट घालायचं, गवती चहाच्या तेलाचे चार थेंब टाकायचे आणि थिजेपर्यंत ढवळत बसायचं. बूटपॉलिशची जुनी डबी उकळून घेतलेली असायची, तीत हे भरायचं. शेवटी वरून एक बोट फिरवून ती ते गुळगुळीत करायची.

चार दिवसांच्या तापात ती गेली.

आठवड्याने तो कामावर जायला निघाला तेव्हा सवयीने त्याने डबी उघडली. नवीकोरी होती. वर तिच्या बोटाची वळणदार रेघ तशीच होती. त्याचं बोट रेघेपर्यंत गेलं आणि मागे आलं. पुसून टाकायची ती रेघ? त्याने झाकण लावलं आणि डबी तिच्या फोटोशेजारी ठेवली. सुटली खाज तर सुटली.

खाज सुटली नाही. पण लिफ्टमध्ये गंमत सुरू झाली. आठव्यावरची टायपिस्ट बाई दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "अय्या, मी ना, जिन्याने जाते. डॉक्टरांनी सांगितलंय चालायला." वकीलसाहेब आत पाऊल टाकायचे आणि कपाळावर हात मारायचे, "हात्तिच्या! फाइल गाडीतच राहिली!" रोज त्यांची एक फाइल गाडीत राहायची. सहा माणसांची लिफ्ट रिकामी वर जायची, रिकामी खाली यायची. आणि वरखाली डोळे पुसत मनाशी म्हणायचा, माणसं किती भली असतात. दुखवट्यातल्या माणसाला एकट्याने रडायला जागा करून देतात.

तिसऱ्या आठवड्यात इमारतीचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी बोलावलं. साहेब खिडकीशी, रुमाल नाकाशी.

"सर्दी झालीय… म्हणजे काय आहे, वरखाली… आपलं… तुम्हाला जरा विश्रांती. मागची मालाची लिफ्ट आहे ना? तिकडे हवा खेळती आहे. म्हणजे… माल काय, घाई करत नाही."

"साहेब, माझं काही चुकलं का?"

"छे छे छे! चुकलं काय त्यात!" साहेब रुमालातून म्हणाले.

मालाच्या लिफ्टला स्टूलही नव्हतं. तो कागदांच्या गठ्ठ्यावर बसायचा. गठ्ठ्यांना मजला सांगून काय करणार?

रविवारी लेक आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर परक्या माणसांना कुठली गोळी उपाशीपोटी आणि कुठली जेवणानंतर हे न अडखळता सांगायची. दारातच ती क्षणभर थबकली. मग आत येऊन त्याच्या गळ्यात पडली आणि नेहमीपेक्षा जरा लवकर बाजूला झाली.

"बावीस वर्षं, एक तक्रार नाही," तो सांगू लागला. "आणि मला गठ्ठ्यांत नेऊन टाकलं. का, ते कुणी धड सांगत नाही."

तिचं लक्ष फोटोशेजारच्या डबीकडे गेलं.

"बाबा, औषध लावत नाही तुम्ही?"

"ठेवलंय. तिच्या हातचं शेवटचं आहे. आणि खरं सांगू, खाज अजून तरी नाही सुटली."

लेक खाली बसली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बाबा, ते खाजेचं नव्हतंच."

"मग कशाचं?"

"वासाचं."

"कसल्या वासाचं?"

त्याने आधी मोरीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग डोक्यामागे बांधलेले हात त्याने हळूहळू खाली घेतले आणि अंगाशी धरले.

"पण घराण्यातला विकार…"

"आईनेच काढला होता तो."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"आठ वर्षांची होते. आईने शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना कळलं ना, तर ते हात वर करून मजले ओरडायचे नाहीत."

त्याने मनाशी एकेक मजला आठवून पाहिला.

"म्हणजे ती टायपिस्ट बाई… दुखवट्याला म्हणून जिन्याने…"

"नाही, बाबा."

"आणि वकीलसाहेबांची फाइल?"

लेकीला रडू फुटलं आणि त्यातच हसूही. "कसली फाइल, बाबा?"

त्या दुपारी दोघांनी ते करून पाहिलं. पहिली वाटी फुकट गेली, सोड्याच्या गुठळ्या राहिल्या. "आई डोळ्यांनीच मापायची," लेक म्हणाली. दुसऱ्या वेळी तो स्वतः ढवळायला बसला, वाटी पार गार होईपर्यंत.

"तिने मला सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं असतं, तर काय केलं असतंत?"

चमचा फिरत राहिला. "कसं झोपत असेल गं ती, माझ्या शेजारी?" एवढंच तो म्हणाला. लेकीने गॅसवरचं पातेलं उगाचच पुसलं.

पंधरा दिवसांनी साहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी ते खुर्चीत होते, अगदी समोर.

"म्हणजे काय आहे, वरखाली… आपलं… नवा माणूस मुका आहे हो! म्हणजे मुका नाही, पण बोलत नाही. लोक विचारतात, मजल्यांची हाक कुठे गेली? सातव्यावर पेशंट परवा आ न करताच परत गेला म्हणे. उद्यापासून या पुढे."

कोपरं फासळ्यांना लावून तो उभा होता. साहेबांनी श्वास घेतला की, त्यांना वास आला का ते बघत, तो आपला रोखायचा आणि सोडला की मगच स्वतः घ्यायचा. ही मोजणी त्याला आता येता-जाता लागली होती. बसमध्ये, दुकानात, जिन्यात. कुणी नुसतं शिंकलं तरी तो दोन पावलं मागे सरकायचा.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "मी मागेच बरा. कपाटांना नाक नसतं."

साहेब मोठ्याने हसले. मग त्यांचं हसू मधेच अडकलं. ते काहीतरी म्हणणार होते, "म्हणजे…" इथपर्यंत आलेही, पण पुढचा शब्द काही सापडला नाही.

मागे एक लोखंडी कपाट सहाव्या मजल्यावर जायचं होतं. त्याने दार ओढून घेतलं, कोपर अंगापासून न हलवता, पंजाच तेवढा वाकवून बटण दाबलं आणि सहा मजले तो एक शब्द न बोलता गेला.