सत्तावन्नावा आठवडा

आमच्या मामांइतका चिकित्सक माणूस अख्ख्या लातूर-नांदेडात दुसरा नसेल. उदगिरात त्यांचं टीव्ही-पंखे दुरुस्तीचं दुकान. कुठलाही सुटा भाग हाती आला की चष्मा कपाळावर आणि भिंग डोळ्याला. भागाच्या अंगावरचे चार आकडे शोधायचे: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. जन्म कधीचा ते कळल्याशिवाय बसवणार नाहीत. गिऱ्हाईक कावून निघून गेलं तर म्हणायचे, "जाऊ द्या, स्थळ बघायला येळ लागतोच." या खोडीपायी मामींचा मिक्सर दीड महिना उघडा पडला होता आणि मामी पाट्यावर चटणी वाटत त्यांचा उद्धार करायच्या.

पण एके दुपारी ही खोड माझ्या आईच्या जिवावर उठली, असं मला वाटलं. आई म्हणजे मामांची थोरली बहीण, त्यांची आक्का. ती ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि मशीन बंद पडलं. कपॅसिटर गेलाय, मामांनी निदान केलं. उदगिरात नवा मिळेना म्हणून मी तडक नांदेडहून कोरा करकरीत घेऊन आलो. तोवर सिलिंडरवर भागवलं होतं, पण त्याचा काटा लालात शिरलेला. दुसरं सिलिंडर लातूरहून निघालं होतं, कुठवर पोचलं कोण जाणे!

मामांनी भिंग लावलं. "एकवीस, सत्तावन्न. हे न्हाई बसवायचं."

"अहो मामा, निदान आज तरी!" मी ओरडलोच.

"वर्षात आठवडे किती रं? बावन्न, लई झालं तर त्रेपन्न. ह्यो सत्तावन्नावा कुठून आणलास? जुन्या मालावर नवा छाप मारलाय. फुटला तर मशीनबी जाईल."

आणि सायकल काढून निघूनच गेले. आईचे ओठ निळसर दिसायला लागले. तिचा हात धरून मी काट्याकडे बघत होतो आणि मनातल्या मनात मामांना नाही नाही त्या शिव्या देत होतो. मामा घामाघूम होऊन परतले ते स्वतःच्या दुकानातल्या कूलरचा कपॅसिटर काढून घेऊन. त्या घाईतही भिंग! "तेवीस, एकतीस. अधिक महिन्यातला हाय, जावयाचा मान द्या." बोलणं थट्टेचं, पण स्क्रू पिळताना नजर सारखी काट्याकडे. मशीन घुरघुरलं तेव्हा मला रडूच फुटलं.

आईला बोलता येऊ लागल्यावर मामा तिच्या पायाशी बसले. आधार कार्डावर त्यांचा जन्म एक जूनचा, शाळेत मास्तरांनी लावून दिलेला.

"आक्का, मी कोणत्या आठवड्यातला गं?"

आई नळी सावरत म्हणाली, "मार्गशीर्षातली येळ अमावस्या होऊन आठ दिस झालते. माय अवघडलेली म्हणून त्या वर्षी शेतात आंबिल प्यायला जाता आलं न्हाई. लई रडलते मी तुझ्यापायी."

मामा बोटांवर आठवडे मोजायला लागले. डोळे भरून आले होते, मोजणी सारखी चुकत होती, आणि आई त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगत होती.