पंगत अडवणारा पाहुणा

मूल गावच्या एका लग्नात पंगतीत माझ्या शेजारचा पाहुणा एकेक घास असा चावत होता, जणू भाताची उलटतपासणीच! वाढपी दिसला की ताटावर दोन्ही हात आडवे.

"वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झालं, भाऊ. घाई केली का उलटी होते. ताटात उष्टं टाकलं तं सोयरे रुसतात. डॉक्टरनं पोट लहान केलं, पन आग्रह कोन लहान करन?"

शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पंगत उठत नाही, आणि पुढची पंगत डोक्यावर उभी.

"उरका ना, भाऊ!" कोणीतरी ओरडलं.

त्यानं घाईनं घास गिळला. कपाळावर घाम, हात छातीवर. गळ्यापर्यंत जेवलेला मी गरजलो, "मले अजून भात वाढा रे!"

सगळ्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. शेजारचं चावणं पुन्हा सावकाश सुरू झालं.