एस्तेरने काढलेला लाल माणूस

ही फजिती मी स्वतःच सांगून टाकतो. नंदुरबारात आमच्या मंडळीतल्या दुसऱ्या कोणाला विचारलंत, तर तो तिखटमीठ लावून सांगेल.

मी शाळेत कवायत शिकवतो आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घेतो. मागे मला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. विषय, मुलांचं ऐकून कसं घ्यावं. मी पहिल्या रांगेत बसलो आणि शेवटी आभाराचं सगळ्यात लांब भाषणही मीच केलं. प्रमाणपत्र मिळालं. ते हातात आलं की माणसाला वाटतं, आता आपल्याला पोरांच्या मनातलं न सांगता कळतं. तिथेच घोळ झाला.

पुढच्याच रविवारी मी पोरांना कागद-खडू दिले आणि ‘मोठी माणसं’ काढायला सांगितली. कोणी आजोबा काढले, कोणी पोलीस. आठ वर्षांच्या एस्तेरने काढला एक लालबुंद माणूस. दोन्ही हात वर उगारलेले, तोंड विहिरीएवढं उघडं, आणि पायाशी चार लहान पोरं कान झाकून बसलेली.

मी लगेच ताडलं, हा तिचा बाप. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, घाबरू नकोस बेटा, मला सगळं कळलंय. ती ‘सर, ते ना...’ असं काहीतरी म्हणायला लागली. मी म्हटलं, डोळे मीट, आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. मनापासून केली, म्हणून जरा लांबली.

एस्तेरचे वडील याकोबभाऊ धानोऱ्याहून रोज मिरचीच्या पथारीवर कामाला येतात, म्हणजे जिथे लाल मिरची वाळत घालतात तिथे. या माणसाचा आवाज मी कधी धड ऐकला नव्हता. पण आता मला त्यांचे डोळे आठवले. कायम लाल, रागीट माणसाचे असावेत तसे. दिवसभर मिरचीत उभ्या राहणाऱ्याचेही तसेच होतात, हे मला सुचलं नाही.

मी पाळकसाहेबांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, आधी मुलीला नीट विचारा. मी म्हटलं, शिबिराला मी गेलो होतो.

संध्याकाळी आम्ही दोघं धानोऱ्याला त्यांच्या दारात. याकोबभाऊंनी खाट टाकली, पाणी दिलं. मी थेट रागावर बोलायला लागलो, ते अर्धा तास. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, ‘मन्हं काय चुकनं, सर?’

मी म्हटलं, आठवून बघा. आता पाळक दारात आल्यावर कोणाला काही आठवणार नाही? बिचाऱ्यांना आठवलं की एकदा एस्तेरच्या हातून दूध सांडलं, तेव्हा ते मोठ्याने ‘अरे’ म्हणाले होते. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, झाला पश्चात्ताप. त्यांच्या बायकोने, मार्थाबाईंनी, माझ्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आत नेला. मी अजून घोटही घेतला नव्हता.

एवढ्यात एस्तेर पुढे येऊन काही बोलू लागली. मी दोन्ही हात वर केले आणि म्हटलं, चला, या घरासाठी प्रार्थना करू.

आवाज माझा मैदानावरचा. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, मी तोंड लाल होईपर्यंत त्यांच्या वर आवाज चढवला. आमेन म्हणून डोळे उघडले, तर दारात जमलेली शेजारची पोरं कान झाकून उभी, आणि पाळकसाहेब एकदा हातातल्या चित्राकडे, एकदा माझ्याकडे बघताहेत. माझे हात अजून वरच होते.

पाळकसाहेब एस्तेरसमोर वाकले आणि मी सकाळपासून जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. ‘बेटा, हा कोण आहे?’

‘सर शेतस,’ एस्तेर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. ‘प्रार्थना करी ऱ्हायनात.’

मार्थाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या, पण हसू बाहेर ऐकू येत होतं. याकोबभाऊंनी खरं तर मला हाकलायला हवं होतं. त्यांनी मला पाणी आणून दिलं. ते जास्त लागलं. मी त्यांची माफी मागितली, दोनच वाक्यांत. एवढं थोडक्यात मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

निघताना एस्तेरजवळ उकिडवा बसलो. म्हटलं, अगं, मग मला सकाळीच का नाही सांगितलंस?

‘सांगी ऱ्हायनी व्हती ना मी,’ ती म्हणाली. ‘तुम्ही प्रार्थनाच सुरू करी दिनी.’