हरभऱ्यातली वाट

आई खाटेवर शांत पडून होती आणि आम्ही दोघं भावंडं दाराबाहेरच्या प्रत्येक आवाजाने दचकत होतो.

हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपने जावं लागतं अशा गावात आमचं एकच ख्रिस्ती घर. आई तिथे नर्स म्हणून आली, निवृत्त झाली आणि तिथेच राहिली. वडिलांची कबर ओढ्याजवळच्या आमच्या शेताच्या तुकड्यात आहे. आईला त्यांच्या शेजारची जागा हवी होती. त्या तुकड्याला गाडीवाट नाही, शेजाऱ्याच्या रानातून जावं लागतं. वडील गेले तेव्हा उन्हाळा होता, रान मोकळं होतं. आता जानेवारी होता आणि रानात हरभरा घाट्यावर आलेला, शेंगा धरू लागलेला. उभ्या पिकातून मढं नेत नाहीत, असा गावाचा रिवाज आहे. राहिला धुरा, म्हणजे दोन रानांमधला बांध. तो दोन्ही बाजूंनी नांगरून इतका बारीक झाला होता की एकटा माणूस जेमतेम जाई. खांद्यावर पेटी घेतलेली माणसं त्यावरून जाणं शक्य नव्हतं.

काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गावात दफन अडवल्याची बातमी वर्तमानपत्राच्या कचेरीत माझ्या टेबलावर आली होती. मी ती तपासली, काटछाट केली, छापायला दिली. मृतदेह दिवसभर गाडीतच होता, हे वाक्य मी ठेवलं होतं. आईच्या उशाशी बसल्यावर तेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतं.

म्हणून आम्ही तिचं आजारपण लपवलं. कोणी विचारलं तर थोडी कणकण आहे, असं सांगायचं. प्रार्थना दार लावून करायची. हिंगोलीहून आलेल्या चर्चच्या पाळकांना मी पांढरा झगा पिशवीतच ठेवायची विनंती केली. शेजाऱ्याकडे वाटेचा विषय काढायचं धाडस दोघांनाही झालं नाही. तो नाही म्हणाला तर पुढे काय करायचं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

"दार काहून लावलं?" आईने विचारलं.

"गार वारा येतोय," ताई म्हणाली.

"नर्सला शिकवू नको. उघड ते. अन् गाणं मोठ्यानं म्हण. देव बहिरा नाही, पण मी झाले."

ताईने दार उघडलं नाही. गाणंही तिने ओठातल्या ओठातच म्हटलं.

त्याच दुपारी बाहेरून हाक आली. "ओ पेपरवाले, हायेत का घरात?"

शेजाऱ्याचा आवाज होता. ताईने माझा दंड धरला. मी कडी काढली. तो थेट रानातून आला होता, हातात विळा होता. माझ्याकडे न बघता तो खाटेपाशी जाऊन खाली बसला.

"बाई, दूधवालीपाशी निरोप धाडला व्हता तुमी?"

"धाडला. ही दोघं काही तुला विचारायची नाहीत."

तो आमच्याकडे वळला. "कणकण हाय म्हणून सांगून राहिले व्हय? गावभर ठावं हाय. माझी लेकरं या बाईच्या हातावर झाली, अन् मलाच न्हाई सांगायचं?"



"तुझ्या हरभऱ्याचं काय?" आईने विचारलं.

"कापतो की सकाळी, वाटेपुरता. कापल्यावर मग उभं पीक राहतंय का?"

"घाटे भरले नाहीत अजून. मी थांबते थोडी."

"नका थांबू बाई. तिकडं तुमचे मालक कवापासून वाट बघून राहिलेत."

आई हसली, मग तिला खोकला आला. शेजारी गेल्यावर तिने ताईला दार उघडंच ठेवायला लावलं. माझी भीती मात्र कमी झाली नाही. मरणाऱ्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. गावाने हरकत घेतली तर तो काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळक प्रार्थना म्हणत असताना आई गेली. तिने आमेनसाठी ओठ हलवले, श्वास सोडला आणि पुन्हा घेतला नाही. ताई बराच वेळ तिच्या छातीकडे बघत राहिली. आईच्या चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता.

तेवढ्यात रानातून पुष्कळ माणसांचे आवाज आले. ताई अंगणात जाऊन परतली आणि म्हणाली, "सगळं गाव जमलंय तिथं."

मी गेलो. काय बोलायचं हे ठरत नव्हतं. लांबून फक्त माणसं आणि विळे दिसत होते. जवळ गेल्यावर दिसलं, की सगळे वाकून हरभरा कापत होते. बायका कच्च्या हरभऱ्याच्या पेंढ्या बांधावर रचत होत्या. ओढ्याच्या दिशेने एक पट्टा मोकळा होत चालला होता.

मला पाहून शेजारी उभा राहिला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. त्याने डोक्याचा रुमाल काढला.

"गेल्या?"

मी मान हलवली.

त्याने कापलेल्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "पेटी केवढी रुंद असती? दोन्हीकडून माणसं धरून सांगा."

मी हात पसरून दाखवलं. हात थांबत नव्हते.

"हात हालवू नका," तो म्हणाला. "माप बराबर येऊ द्या."

मी पुन्हा दाखवलं. त्याने ते अंतर नजरेने मोजलं आणि माणसांकडे वळून आणखी एक ओळ कापायला सांगितली.