पहिली सही

आमच्या शैलेंद्रचा भुताखेतांवर विश्वास नाही. माझाही नव्हता. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातली माणसं आम्ही, भुतांना भिऊन कसं चालेल! पण अमेरिकेत, ॲन आर्बरच्या घरात सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात जे झालं ते सांगते. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आधी माणूस सांगते. शैलेंद्र गजभिये, विदर्भातल्या वाढोण्याचा. शिष्यवृत्तीवर शिकला, राखीव जागेवर इंजिनियर झाला आणि अमेरिकेला यायच्या आधी गॅझेटमध्ये आडनाव बदलून वाढोणकर झाला. म्हणाला, "गोरे विचारणार नाहीत गं. आपलेच विचारतील." आणि विचारलंच! इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्याच पॉटलकला, सगळ्यांनी घरून करून आणलेल्या जेवणाला, सरला नावाच्या बाईने माझ्या ताटात पुरी वाढता वाढता विचारलं, "वाढोणकर म्हणजे देशस्थ का?" शैलेंद्र हसला. हो म्हणाला नाही हं, नुसता हसला. त्या हसण्यावर आम्ही अकरा वर्षं काढली.

आणि मग काय, मंडळात राखीव जागांचा विषय निघाला की सगळ्यात मोठा आवाज याचाच. "मेरिट म्हणजे मेरिट!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि परतताना गाडीत त्याला फैलावर घ्यायचे. "तुझी सीट कुठली होती रे?" तो रस्त्याकडे बघत म्हणायचा, "रोशनीला हे ओझं नको, पद्मिनी. तिला तरी मोकळं राहू दे." पोटतिडकीने बोलायचा. मला त्याचा संताप यायचा आणि कीवही यायची.

त्या ऑक्टोबरमध्ये आम्ही जुनं घर घेतलं. सह्या करताना कागदांच्या गठ्ठ्यात एक पिवळट पान निघालं, साठेक वर्षांपूर्वीचं. गोऱ्या माणसांखेरीज या घरात कोणी राहू नये, नोकर असेल तर चालेल, असं छापलेलं. ऑफिसातली बाई कानकोंडी झाली. हे कधीचंच रद्द झालंय, सॉरी, वगैरे वगैरे. शैलेंद्र म्हणाला, "नो प्रॉब्लेम." पण ते पान त्याने तीनदा वाचलं.

घराला मागे एक अरुंद दार होतं, थेट तळघरात उतरणारं. पूर्वी नोकरमाणसं तिथूनच येत असणार. शैलेंद्र त्याच दाराने ये-जा करायला लागला. मला वाटलं, बुटांचा बर्फ वर नको म्हणून. मग तळघराच्या शेवटच्या पायरीवर बसून चहा प्यायला लागला. एकच कप, तोच धुवायचा, तिथंच पालथा घालायचा. "अरे, वर सोफा घेतलाय ना एवढा!" "इथंच बरं आहे," म्हणायचा. रोशनी नऊ वर्षांची. तीही एकदा म्हणाली, "आई, बाबा इज डाउन देअर अगेन."

डिसेंबरात त्याला ताप आला. दोन दिवस अंथरुणातून उठला नव्हता. शनिवारी सकाळी ताजा बर्फ पडला आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर अंगणात पावलं. रस्त्यापासून मागच्या दारापर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती. आणि सरळ आलेली नव्हती हो! कुंपणाला चिकटून, भिंतीपासून लांब लांब, घराला आपला स्पर्श होऊ नये अशी. मी लाटणं घेऊन तळघरात उतरले. कोणी नव्हतं. शेवटची पायरी ओली होती.

वर आले तर शैलेंद्र डोळे उघडे ठेवून पडलेला. म्हणाला, "आला का?"

"कोण?"

"काही नाही." आणि कूस बदलली.

पुढच्याच आठवड्यात राजीवचा फोन. राजीव म्हणजे सरलाचा नवरा, मंडळाचा अध्यक्ष. इथली युनिव्हर्सिटी काळ्या मुलांना प्रवेशात थोडं झुकतं माप देते, त्याविरुद्ध पेपरात मंडळींचं पत्र जाणार होतं. "पहिली सही तुझी पाहिजे यार," म्हणाला. शैलेंद्र हो म्हणून बसला. मी तोंडावर सांगितलं, "ही सही केलीस की गजभिये संपला. मग मी कोणाबरोबर राहते तेही मला कळणार नाही."

रविवारी दुपारी राजीव आणि सरला दोघं आले. मी चहा ठेवला. शैलेंद्र पेन आणतो म्हणून तळघरात गेला तो बराच वेळ येईना. मग मागून चाहूल लागली. बघते तर तो बैठकीच्या उंबऱ्याबाहेर उभा. अनवाणी. बूट हातात. मान खाली.

"मालक," तो म्हणाला, आणि तो आवाज मी तेरा वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता. "कागद तिथं खाली ठेवा जी. मी उचलतो."

त्याचे वडील आयुष्यभर असंच घ्यायचे. देणारा जमिनीवर ठेवून मागे सरला की मग उचलायचं. राजीव हसला. "काय यार, नाटक चाललंय?" कोणीच हसलं नाही तेव्हा तोही थांबला. आणि मग, देवाशपथ म्हणत नाही, पण माझ्या डोळ्यांनी पाहिलं, राजीव वाकला. त्याने कागद जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरला. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला, इथे डॉक्टरेट केलेला माणूस! त्याला कोणी शिकवलं होतं?

"शैलेंद्र!" मी किंचाळलेच.

तो दचकला. हातातल्या बुटांकडे बघितलं, जमिनीवरच्या कागदाकडे बघितलं. मग स्वतःच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मी गजभिये. राखीव जागेवरून आलो. मी सही करणार नाही."

सरला चहाच्या कपात बघत राहिली. राजीवने उसासा टाकला आणि अगदी प्रेमाने, खरंच प्रेमाने म्हणाला, "अरे, ते आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. सगळ्यांनाच. म्हणून तर पहिली सही तुझी हवी होती. तुझ्यासारख्याची असली की पत्राला वजन येतं."

मी त्यांच्यासमोरचे भरलेले कप उचलले आणि त्यांचे कोट आणून दिले.

गाडी गेल्यावर शैलेंद्र तिथंच, उंबऱ्यावर बसला. "पद्मिनी, मग अकरा वर्षं मी कोणापासून लपत होतो गं?"

त्याचे पाय बर्फासारखे गार पडले होते, ते मी चोळत बसले. मग त्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "रोशनी, खाली ये बेटा. तुला आपलं आडनाव सांगायचंय."